अथेन्सचा राजवाडा आणि ग्रीसचे संसदगृह

अथेन्समधील संसदभवनास प्राचीन ग्रीक वास्तुपरंपरेचा वारस मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः हा वारसा म्युनिचमार्गे परत आला. बव्हेरियाचा राजपुत्र ओटो ग्रीसचा राजा झाल्यावर त्याच्यासाठी फ्रीड्रिख फॉन गेर्टनर या बव्हेरियन स्थपतीने इ. स. १८३६ ते १८४३ या काळात हा राजवाडा उभारला. दर्शनी भागी डोरिक स्तंभ आहेत खरे. परंतु एकंदर मांडणी कोरडी, जवळजवळ बराकीसारखी वाटते.

या वास्तूचे खरे महत्त्व तिच्यासमोरील चौकात शोधावे लागते. सप्टेंबर १८४३ मध्ये कालेर्गिस व माक्रियान्निस यांच्या पुढाकाराने अथेन्सची शिबंदी आणि नागरिक येथे जमले व त्यांनी राज्यघटनेची मागणी केली. अनियंत्रित सत्ता भोगणाऱ्या ओटोस नमावे लागले. १८४४ मध्ये राज्यघटना जाहीर झाली. चौकास ‘सिंताग्मा’, म्हणजे राज्यघटना, हेच नाव पडले.

तथापि राजवाड्यात लोकप्रतिनिधींचा प्रवेश होण्यास आणखी ९० वर्षे लागली. १९०९ च्या आगीत वास्तूची मोठी हानी झाली होती. १९२९ मध्ये व्हेनिझेलॉस सरकारने ती संसदेसाठी निश्चित केली. १९३४ साली सिनेट व १९३५ साली राष्ट्रीय सभा तेथे भरली. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९३६ रोजी, मेटाक्सासने हुकूमशाही स्थापून संसद बरखास्त करविली.