भूकंप ओळखायला फोन आधी आपली चाल शिकला

चालता चालता ऐकत असाल, तर खिशातला फोन आत्ता तुमची पावलं मोजत असणार. त्यात ॲक्सेलरोमीटर असतो. सिलिकॉनच्या बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं चिमुकलं वजन. फोन हलला की ते किंचित मागे राहतं आणि त्यावरून तीन दिशांचं त्वरण आकड्यांत मिळतं.

याचा मोठा भाऊ कोयना धरणात होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर कोसळलं, आणि धरणातल्या यंत्राने तो धक्का नोंदवून ठेवला. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याच्या आसपास त्वरण! धरणं कशी तडकतात हे तपासायला ती नोंद आजही जगभर वापरतात. त्या यंत्राला एक सुख होतं. ते काँक्रीटला घट्ट बसवलेलं. ते हललं म्हणजे जमीनच हलली.

मग ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे ३:५६. किल्लारीत दगडमातीच्या भिंतींखाली झोपेतच हजारो माणसं गेली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आमच्या चिखलीत मांडणीवरची भांडी वाजली होती असं आजी सांगते.

आता प्रत्येक घरात ॲक्सेलरोमीटर आहे. अडचण एवढीच की तो माणसाच्या खिशात आहे, आणि माणूस गप्प बसत नाही. २०१६ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी 'मायशेक' आणलं, ते याच प्रश्नावर. त्यांनी स्वयंसेवकांच्या फोनमधून रोजच्या हालचाली जमवल्या. भूकंपांच्या जुन्या नोंदी घेऊन त्या फोनच्या दर्जापर्यंत मुद्दाम खाली उतरवल्या. दोन्ही दाखवून एक छोटं न्यूरल नेटवर्क शिकवलं. त्याला बघायच्या गोष्टी तीनच: हलणं किती पसरलंय, दिशा किती वेळा उलटतेय, एकूण धक्का किती साचलाय. आपण चालतो ते सेकंदाला साधारण दोन पावलं, एका लयीत. जवळचा भूकंप जास्त वेगाने थरथरतो. तरी एका फोनचा शब्द कोणी धरत नाही. एका भागातले बरेच फोन एकदम ओरडले, तरच खरं.

दिवाळीच्या सुट्टीत मीही असंच मॉडेल बनवलं. चालणं, जिना, खामगाव रोडवरची बाईक, सगळं दिलं. मग फोन ओट्यावर ठेवला, तर म्हणे भूकंप! शेजारची पिठाची गिरणी चालू झाली होती. गिरणी मी त्याला कधी दाखवलीच नव्हती. चूक माझी.

सप्टेंबर २०२३ पासून अँड्रॉइड फोनवर भूकंपाचा इशारा भारतातही मिळू लागला. पण गणित कडू आहे. किल्लारी ते चिखली सरळ रेषेत सुमारे २५० किलोमीटर. जोराच्या लाटा सेकंदाला साडेतीन किलोमीटर धरल्या, तर आम्हाला मिनिटभर मिळालं असतं, जिथे भांडीच वाजणार होती. खुद्द किल्लारीत उठून बसायलाही वेळ नसता. ज्यांची घरं पडतात त्यांच्या फोनने लांबच्यांना सावध करायचं, असा हा व्यवहार. घरं मजबूत बांधण्याला हा पर्याय नाही, हे माझं मत.

आणि हे काम फोन सगळ्यात चांगलं करतो तो रात्री, चार्जिंगला निवांत पडलेला असताना. आजीच्या फोनवर मी इशारा चालू करून दिला. ती म्हणाली, "बरं केलंस." मग नेहमीसारखा नऊ वाजता फोन बंद करून देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिला.