विभाग निवडा

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात बाबांचा वणीहून फोन आला. पीककर्जाची फाइल करायची होती, त्याआधी सातबारा मोबाइलवर पाहून घ्यावा म्हणून ते बसले होते.

“मी त नागपूर दाबलं. तिथं यवतमाळच दिसून नाही राहिलं.”

“बाबा, यवतमाळ अमरावती विभागात येतं. एवढं कसं माहीत नाही तुम्हाला?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खासदार आपला चंद्रपूरचा. दवाखाना नागपूरचा. अमरावतीले मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा लग्नाले.”

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोकांनी भरायचे फॉर्म बनवणं हेच माझं काम. तरीही माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते बाबांची चूक काढणारं. फोन ठेवल्यावर त्याची लाज वाटली, आणि मग प्रश्न पडला: वणी अमरावतीकडे का?

सातबारा पाहायच्या सरकारी साइटवर कित्येक वर्षं पहिला प्रश्न विभागाचा असायचा. कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), अमरावती, नागपूर. त्यानंतर जिल्हा, तालुका, गाव, आणि सगळ्यात शेवटी गट नंबर. शेतकऱ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं ते गाव आणि गट नंबर. तेच शेवटी.

वणीहून पूर्वेला निघालं की वर्धा नदी लागते. पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा, म्हणजे नागपूर विभाग. बाजार, कॉलेज, कोळसा खाणीतली ड्युटी यासाठी आमच्याकडची माणसं हा पूल सहज ओलांडतात. महसुलाच्या कागदावर मात्र ही नदी म्हणजे जुनी भिंत आहे.

१८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आला. नदीपलीकडचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तो पुढच्याच वर्षी खालसा झाला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांतात गेला. दोन्ही काठांवर राज्य इंग्रजांचंच, पण जमिनीचा हिशेब वेगळा. वऱ्हाडात मुंबई इलाख्यासारखी रयतवारी: शेताची मोजणी, शेताला नंबर, सारा थेट शेतकऱ्याकडून. पलीकडे मालगुजारी: गावाचा सारा मालगुजार भरणार. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जायचा. गंमत म्हणजे नाव वणीचं आणि मुख्य कचेरी यवतमाळला! १९०५ मध्ये नावही गेलं.

पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला होताच. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. मालगुजारी संपली. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने कायदाही एक केला. पण अमरावती विभागातले जिल्हे मोजून पाहा: अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, आणि १९९८ मध्ये अकोल्यातून निघालेला वाशीम. हा जुना वऱ्हाडच आहे. बाबांच्या मोबाइलवरच्या त्या ड्रॉपडाउनमध्ये १८५३ ची सीमा बसली होती.

मेल्विन कॉनवे या अमेरिकन प्रोग्रामरने १९६८ मध्ये लिहिलं होतं, की संस्था जी प्रणाली बनवते तिचा आराखडा त्या संस्थेच्या आतल्या रचनेसारखाच होतो. इंजिनिअर लोक याला कॉनवेचा नियम म्हणतात. मी तो इंटरव्ह्यूसाठी पाठ केला होता. कळला बाबांच्या फोननंतर. कारण मीही एका फॉर्मचा पहिला रकाना ‘शाखा कोड’ ठेवला होता. का? तर आमच्या डेटाबेसच्या टेबलमध्ये तो पहिला होता. भरणाऱ्याला तो कुठून माहीत असणार, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

जुनी रचना बदलता येत नाही असंही नाही. २०२० मध्ये सातबाऱ्याचाच नमुना बदलला. पूर्वी कमी केलेली नोंद, मयत खातेदाराचं नाव किंवा फिटलेला बोजा, कंसात दाखवायचे. कंस म्हणजे ‘हे आता नाही’, हे तलाठ्याला माहीत. वाचणाऱ्याला तो फक्त कंस. नव्या नमुन्यात अशा नोंदीवर आडवी रेघ येते. खोडलेलं खोडलेलं दिसतं, कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मी माझा ‘शाखा कोड’ काढला. आता फॉर्म आधी पिनकोड विचारतो आणि शाखा स्वतः शोधतो. कामाला दीड दिवस लागला. तो दीड दिवस आधी न दिल्यामुळे किती जण अडकले असतील, हे मी मोजलेलं नाही.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा कपाटातल्या फाइलमध्ये सातबाऱ्याची झेरॉक्स सापडली. मागे बाबांनी निळ्या पेनने लिहून ठेवलं होतं: ‘विभाग अमरावती. नागपूर नाही.’ शेजारच्या काकांनाही त्यांनी तसंच लिहून दिलं होतं.