मूळ वस्तू, प्रतिकृती आणि एन-गेदीची जळालेली गुंडाळी

येरुशलाईमच्या इस्राएल संग्रहालयातील 'हेखाल हासेफेर' ही वास्तू आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्या मध्यभागी, मोठ्या दंडगोलाभोवती, यशया नबीच्या ग्रंथाची गुंडाळी मांडलेली दिसते. १९४७ साली कुम्रानच्या गुहेत सापडलेली ही गुंडाळी सुमारे ७.३४ मीटर लांब असून तीत मजकुराचे ५४ स्तंभ आहेत. १९६५ साली वास्तू खुली झाली तेव्हा तेथे मूळ गुंडाळीच लावलेली होती. पुढे चर्मपत्रास तडे जाऊ लागले, म्हणून ती काढून तिच्या जागी हुबेहूब प्रतिकृती बसविण्यात आली. अर्थात बहुतेक प्रेक्षकांनी आजवर पाहिली ती प्रतिकृतीच. हे कळताच मुले शिक्षकास विचारतात, "म्हणजे आपण पाहिले ते खोटे?"

प्रश्न पोरकट नाही. २०११ पासून हीच गुंडाळी गूगलच्या साहाय्याने संगणकावर उपलब्ध झाली आहे. प्राचीन लेखकाने ओळींच्या मधल्या जागेत केलेल्या बारीक दुरुस्त्या तेथे घरबसल्या वाचता येतात; काचेपलीकडे उभे राहून त्या क्वचितच दिसल्या असत्या. मग अधिक खरे कशास म्हणावे?

आपल्या धर्मशास्त्राने या प्रश्नाची एक बाजू फार पूर्वीच निकालात काढली आहे. सिनेगॉगच्या हेखालातील प्रत्येक सेफेर तोरा ही नक्कलच होय. मोशे रब्बेनूंच्या हातची प्रत कोणाजवळही नाही. तरीही आपल्या सेफेरला कोणी खोटा म्हणत नाही, कारण तो कोणत्या रीतीने तयार झाला हे आपणांस ठाऊक असते. सोफेर समोरच्या प्रतीवरून एकेक अक्षर पाहून, शुद्ध जनावराच्या कातड्यावर, ठरलेल्या शाईने, स्वहस्ते लिहितो. एक अक्षर चुकले तरी दुरुस्त होईपर्यंत त्या सेफेरमधून जाहीर वाचन होत नाही. त्याचे छायाचित्र कितीही स्पष्ट असो, मिनयानपुढे पराशा वाचण्यास ते चालणार नाही. अभ्यासास मात्र खुशाल चालेल. तात्पर्य, प्रत कोणत्या कामासाठी आहे आणि कोणत्या मार्गाने आपल्यापर्यंत आली, हे दोन्ही पाहावे लागते.

याचे सर्वांत विलक्षण उदाहरण मृत समुद्राच्या काठी एन-गेदी येथे मिळाले. १९७० साली तेथील प्राचीन सिनेगॉगच्या उत्खननात, पवित्र कोशाच्या जागी, जळून कोळसा झालेली एक गुंडाळी सापडली. इ.स. ६०० च्या सुमारास ते गाव आगीत नष्ट झाले होते. गुंडाळीस हात लावावा तर तुकडे पडत, म्हणून चाळीसहून अधिक वर्षे ती तशीच जपून ठेवण्यात आली. (त्याच सिनेगॉगच्या फरशीवरील लेखात गावचे गुपित फोडणाऱ्यास शाप दिलेला आहे, ही गंमत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.) नंतर पुरातत्त्व खात्याच्या प्निना शोर यांनी तिचे सूक्ष्म क्ष-किरण चित्रण करविले आणि ती माहिती अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे प्राध्यापक ब्रेंट सील्स यांजकडे धाडली. त्यांच्या संगणकाने कातड्याचा एकेक थर शोधला, शाईमुळे जेथे घनता अधिक होती ते ठिपके त्या थरावर उमटविले आणि वळलेला थर सपाट केला. २०१५ साली पहिली वचने वाचता आली. ती निघाली वायिकरा, म्हणजे लेवीय, या ग्रंथाच्या आरंभीची! लहान मुलांचे तोरा-शिक्षण पूर्वी याच ग्रंथापासून सुरू करीत.

कार्बन चाचणीवरून ही गुंडाळी तिसऱ्या-चौथ्या शतकातील ठरते. अक्षरवळणावरून काही पंडित तिला आणखी मागे नेतात. तिच्यातील व्यंजने आज आपण वाचतो त्या पाठाशी जुळली. इतक्या पिढ्यांच्या सोफेरांच्या श्रमांची ही केवढी साक्ष!

येथे प्रतिकृती मूळ वस्तूची जागा घेत नाही. मूळ वस्तू जे कधीही दाखवू शकली नसती, ते ती दाखविते. परंतु तिचे खरेपण केवळ यंत्रावर अवलंबून नाही. कोणता थर कोठे सुरू होतो हे ठरविताना माणसाचा निर्णय लागतोच. म्हणूनच पडद्यावरील प्रत्येक ठिपका मूळ चित्रणात कोठून आला, याचा माग सील्स यांच्या मंडळींनी राखून ठेवला. पहिल्या स्तंभाच्या ३५ ओळींपैकी १८ टिकल्या होत्या. उरलेल्या १७ ओळी तर्काने भरल्या, आणि त्या तर्काने भरल्या आहेत असे स्पष्ट सांगितले. माझ्या मते हा प्रामाणिकपणा त्या यंत्राहून मोलाचा आहे. याउलट वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयातील मृत समुद्राचे म्हणून ठेवलेले १६ तुकडे २०२० साली बनावट ठरले. कातडे जुने, शाई मात्र अलीकडची. ते तुकडे कोठून आले, हा माग कोणी नीट तपासला नव्हता.

आता आपल्या घराकडे वळू. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल येथील आपली सिनेगॉगे व दफनभूमी पाहण्यास जाणारी तरुण मंडळी खिशातील फोनने शेकडो चित्रे घेऊन येतात. कोकणच्या पावसाने समाधीवरील हिब्रू व मराठी अक्षरे झिजत चालली आहेत, तेव्हा हे काम निकडीचेच आहे. मात्र चित्र सुबक दिसावे म्हणून पुसट अक्षर संगणकावर गडद करणे, तुटलेले नाव अंदाजाने पुरे करणे, हे प्रकार सुरू झाले तर पुढच्या पिढीस दगडावर काय होते आणि आपण काय घातले हे उमगणार नाही. न सुधारलेले चित्र वेगळे जपावे. तारीख, गाव व दगडाची जागा नोंदवावी. जे वाचता आले नाही तेथे रिकामी जागा ठेवावी.

नवगावच्या दफनभूमीविषयी तर एवढ्यानेही भागणार नाही. फुटलेल्या गलबतातील आपले पूर्वज तेथे विसावले आहेत, हे आपण आजी-आजोबांच्या तोंडून ऐकत आलो. ती हकिकत कोणत्याही क्ष-किरणात उमटत नाही. तेव्हा चित्राबरोबर ती सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचा आवाजही साठवावा, आणि त्यांनी ती कोणाकडून व कोणत्या गावी ऐकली हेही विचारून लिहून ठेवावे.