जस्त पानातून दाण्यात कसं गेलं?



नळदुर्गच्या किल्ल्याचा तट ज्या काळ्या दगडाचा आहे, त्याच दगडाची युगानुयुगं झीज होऊन आपल्या शिवारातली काळी माती झाली. विहीर खणताना या मातीखाली पांढरे चुनखडीचे खडे निघतात, ते तुम्ही पाहिले असतील. चुनखडीमुळे जमिनीचा सामू आठाच्या वर जातो. सामू एका अंकाने वाढला, की मातीच्या पाण्यात विरघळलेलं जस्त साधारण शंभर पटीने कमी होतं. म्हणजे जस्त जमिनीत असतं, पण कुलपात. आपण वरून झिंक सल्फेट टाकलं तरी त्यातलं बरंचसं याच कुलपात जाऊन बसतं. मुळाच्या वाटेने मिळत नसेल तर पानाच्या वाटेने द्यावं, हा विचार त्यातूनच पुढे आला. आणि तो आजचा नाही, पावणेदोनशे वर्षांचा आहे.

फ्रान्समध्ये १८४० च्या सुमारास ग्री नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पिवळ्या पडलेल्या द्राक्षाच्या पानांना हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लावून पाहिलं. पानं हिरवी झाली. आपण ज्याला 'केवडा पडला' म्हणतो, त्यातलाच हा एक प्रकार. पुढे १९१६ मध्ये हवाई बेटांवर अननसाच्या पिवळ्या पडलेल्या मळ्यांवर हिराकसीची फवारणी लागू पडली. जस्ताची गोष्ट मात्र मागे राहिली. जस्त वनस्पतीला हवंच असतं, हे १९२६ मध्ये सूर्यफूल आणि सातूवर प्रयोग करून पक्कं झालं. कॅलिफोर्नियात फळझाडांची पानं बारीक राहण्याचा रोग होता. त्याला लोक हिराकस देत; कधी गुण येई, कधी येत नसे. १९३०च्या सुमारास उलगडा झाला, की गुण हिराकसीचा नव्हताच, त्या अशुद्ध हिराकसीत मिसळलेल्या जस्ताचा होता. बघा, भेसळीने शास्त्राचं भलं केल्याचं असं उदाहरण क्वचितच सापडेल.

आपल्या देशात ही गोष्ट भाताच्या शेतात घडली. पंतनगरचं कृषी विद्यापीठ १९६० मध्ये सुरू झालं. त्या तराई भागात भाताची पानं कातासारखी तांबूस पडत आणि रोपं खुरटत. शेतकरी त्याला 'खैरा' म्हणत. डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे तिथले वनस्पतिरोगाचे अभ्यासक. रोग म्हटला की बुरशी, जिवाणू किंवा विषाणू शोधायचा, हा त्यांच्या विषयाचा रिवाज. पण १९६६ मध्ये नेने यांनी दाखवून दिलं, की खैरा हा रोग नाही, ती जस्ताची कमतरता आहे. उपाय अगदी साधा निघाला : हेक्टरी १,००० लिटर पाण्यात ५ किलो झिंक सल्फेट आणि २.५ किलो चुना. झिंक सल्फेटचं द्रावण आम्लधर्मी असतं. पान करपू नये म्हणून चुना. आजही शिफारशीत हेच प्रमाण दिसतं. हेच नेने पुढे पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत आले. नळदुर्गवरून जाणारा सोलापूर-हैदराबाद रस्ता त्या संस्थेजवळूनच जातो, म्हणजे तसे ते आपल्या वाटेवरचेच.

लगेच पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने सूक्ष्म अन्नद्रव्यांवर देशभर समन्वित संशोधन सुरू केलं. त्याला कारणही होतं. सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण १९६४ मध्ये आला होता. दाणा जास्त निघू लागला, तसं जमिनीतून उचललं जाणारं अन्नद्रव्यही वाढलं. परत मात्र आपण नत्र, स्फुरद आणि पालाश एवढंच देत राहिलो. शेणखतही कमी होत गेलं. तरी त्या काळाला दोष देता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या घरात अमेरिकेची तांबडी मिलो शिजली आणि कामावरच्या माणसांनी सुकडी खाल्ली. पोट भरणं हाच तेव्हा प्रश्न होता. दाण्यात जस्त किती, हे कोण विचारणार?

आणि खरी मेख इथेच आहे. पान हिरवं झालं, उतारा वाढला, की फवारणी यशस्वी झाली असं सगळे मानत. दाण्यात काय उतरलं, हे फारसं कोणी तपासत नव्हतं. माणसालाही जस्त कमी पडू शकतं, हे तर वैद्यकालाच उशिरा कळलं. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद इराणमध्ये शिराझला काम करत असताना त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक तरुण आला. अंगकाठीने तो दहा वर्षांचा वाटे. त्याचं खाणं बहुतेक न आंबवलेल्या रोटीचं. हे प्रसादांनी १९६१ मध्ये लिहिलं आणि १९६३ मध्ये इजिप्तमधल्या अभ्यासातून अशा मुलांत जस्त कमी असल्याचं सिद्ध केलं. धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य जस्ताला धरून ठेवतं. त्यामुळे ज्याच्या ताटात धान्यच जास्त आणि डाळ, दूध, अंडी, मटण कमी, त्याला जस्त कमी पडतं. मुलांची वाढ खुंटते, जखमा लवकर भरत नाहीत, आजारपण पाठ सोडत नाही.

पीक आणि माणूस या दोन्ही गोष्टींची गाठ पडली ती तुर्कस्तानात. मध्य अनातोलियाचं पठार आपल्यासारखंच कमी पावसाचं, आणि जमीनही चुनखडीची. १९९० नंतर तिथे इस्माइल चकमक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हावर जस्ताचे प्रयोग केले. उतारा तर वाढलाच, शिवाय दाण्यातलं जस्तही मोजलं गेलं. मग भारतासह सात देशांत गव्हाच्या चाचण्या झाल्या. निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला : जस्त न दिलेल्या गव्हात किलोला सरासरी २७ मिलिग्रॅम जस्त, पानावर फवारलेल्या गव्हात ४८. नुसतं जमिनीतून दिल्याने दाण्यात फारसा फरक पडला नाही.

वेळ मात्र नीट लक्षात घ्या. लहान पिकावरची फवारणी पान बरं करते. दाण्यात जस्त न्यायचं तर ओंब्या बाहेर पडल्यावर एक आणि दाणा दुधात असताना दुसरी फवारणी लागते. त्या दिवसांत झाड सगळा माल दाण्याकडे पाठवत असतं. त्याच गाडीत जस्त बसवायचं.

आता तुम्ही म्हणाल, हे गव्हाचं झालं, आमच्या ज्वारीचं काय? गव्हाचे आकडे ज्वारीला जसेच्या तसे लावू नका. पण वेळेचा हिशोब तोच : ज्वारी निसवल्यावर एकदा आणि चिकात असताना दुसऱ्यांदा. भाकरी अख्ख्या दाण्याच्या पिठाची असते, हाही आपला फायदा, कारण तांदळासारखा कोंडा काढून टाकला जात नाही.

तुमचा दुसरा प्रश्नही मला माहीत आहे : जस्ताला भाव कोण देणार? कोणी नाही. बाजारात मालदांडीचा मोत्यासारखा दाणा बघतात, त्यातलं जस्त दिसत नाही. शिवाय डोक्याच्या वर गेलेल्या ज्वारीत पंप घेऊन फिरायचं आणि पौषात पाणी आणायचं कुठून? म्हणून माझं सांगणं असं, की सगळं रान फवारू नका. घरखर्चाची ज्वारी जेवढ्या तुकड्यात निघते, तेवढाच तुकडा फवारा. वीस गुंठ्यांना १०० लिटर पाणी, अर्धा किलो झिंक सल्फेट (२१ टक्केवालं) आणि पाव किलो चुना. चुना आदल्या रात्री भिजवून वरची निवळी गाळून घ्या. पिशवीवर ३३ टक्के लिहिलं असेल तर सव्वातीनशे ग्रॅम पुरे. फवारणी ऊन उतरल्यावर करा. डीएपी किंवा कोणतंही स्फुरदयुक्त विद्राव्य खत त्यात मिसळू नका, साका बसतो. फवारलेल्या तुकड्यातला हुरडा लगेच मोडू नका. आणि तो तुकडा वेगळा मळून कणगीत वेगळा ठेवा, नाहीतर सगळी मेहनत आडतीवर जाईल!

दुकानदार पुष्कळदा 'ग्रेड दोन'ची बाटली पुढे करतो. त्यात जस्त ३ टक्के आणि लोह अडीच टक्के असतं. पान पिवळं पडलं असेल तर ती उपयोगी आहे, पण दाण्यात जस्त भरायला नुसतं झिंक सल्फेटच बरं.

लोहाचं मात्र असं जमलेलं नाही. फवारलेलं लोह पानात बरंचसं अडकून राहतं, दाण्यात फार थोडं उतरतं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यावर फवारणी हा इलाज समजू नका. तिथे वाणाचा उपयोग आहे. २०१२ मध्ये आलेल्या 'धनशक्ती' बाजरीत किलोला ७१ मिलिग्रॅम लोह आहे. परभणीच्या विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर २०१८ मध्ये दिलेल्या 'परभणी शक्ती' ज्वारीत लोह ४५ आणि जस्त ३२ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. नेहमीच्या वाणांत ते ३० आणि २० च्या घरात असतं. पण ती खरिपाची ज्वारी. रब्बीला तुम्ही मालदांडी सोडणार नाही, आणि मीही सोडा म्हणणार नाही. बायकांना दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मात्र डब्यात पडून राहू देऊ नका.

फवारणीआधी मातीचा नमुना तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. अहवालात जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल, तर पुढच्या पेरणीला एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या आणि निसवल्यावरची फवारणीही करा. त्याच्या वर असेल, तर घरखर्चाच्या तुकड्यावर नुसती फवारणी पुरेल.