गरुडध्वज उभारणारा यवन

मध्य प्रदेशातील विदिशा शहराजवळ, बेसनगर येथे, एक दगडी स्तंभ उभा आहे. आसपासचे लोक पिढ्यान् पिढ्या त्याला ‘खामबाबा’ या नावाने पूजीत आले. शेंदराची पुटे त्यावर एवढी चढली होती की १८७७ साली पुरातत्त्ववेत्ते अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तो पाहिला, तेव्हा आतील अक्षरे त्यांच्या नजरेस पडली नाहीत. पुढे १९०९ साली शेंदूर दूर झाला आणि ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख प्रकट झाला. देवदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज तक्षशिलेचा रहिवासी, दियाचा पुत्र, भागवत हेलिओडोरस याने उभारला, असे तो लेख सांगतो. हा हेलिओडोरस यवन होता. अंतलिकित या यवनराजाचा दूत म्हणून तो भागभद्र राजाच्या दरबारी आला होता. काळ इ. स. पू. सुमारे ११०. पुढे १९१३ ते १९१५ या काळात या स्थळाचे उत्खनन केले ते डॉ. देवदत्त रामकृष्ण भांडारकर या मराठी पंडितानेच.

‘यवन’ या शब्दाविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. बखरींच्या वाचनाने आपल्या मनात या शब्दाचा अर्थ मुसलमान राज्यकर्ते असा रुजला आहे. परंतु मूळ शब्द ‘आयोनिया’ या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून आला. प्राचीन इराणी लोक ग्रीकांस ‘यौन’ म्हणत, प्राकृतात त्याचे ‘योन’ झाले आणि संस्कृतात ‘यवन’. म्हणजे ग्रीकांचे नावसुद्धा आपल्यापर्यंत आले ते इराणच्या वाटेने. साम्राज्यांचा इतिहास लढायांच्या सनावळीत सापडतो. संस्कृतींचा इतिहास मात्र अशा शब्दांत दडलेला असतो.

हे यवन येथे आले कसे? इ. स. पू. ३२६ मध्ये सिकंदराने सिंधू ओलांडली. तो परत गेला, पण मध्य आशियात त्याने वसविलेली ग्रीक वस्ती मागे राहिली. त्याचा सेनापती सेल्यूकस याने चंद्रगुप्त मौर्याशी तह केला आणि ५०० हत्तींच्या मोबदल्यात सिंधूपलीकडचा प्रदेश सोडून दिला. त्या प्रदेशातील ग्रीक अशा रीतीने मौर्यांचे प्रजाजन झाले. १९५८ साली कंदाहार येथे सम्राट अशोकाचा जो लेख सापडला, तो ग्रीक आणि अरेमाइक अशा दोन भाषांत आहे. त्यातील ग्रीक मजकुरात ‘धम्म’ या शब्दासाठी ‘युसेबेइया’ हा शब्द योजिला आहे. देवादिकांविषयी आणि वडीलधाऱ्यांविषयी पूज्यभाव, असा त्याचा आशय. सम्राटाने आपला धर्म प्रजेला तिच्या भाषेत समजावून सांगावा, ही घटना आम्हांस कोणत्याही विजयाहून मोठी वाटते.

मौर्यांची सत्ता ओसरल्यावर बॅक्ट्रियाचे यवन राजे हिंदुकुश ओलांडून खाली आले. या वेळी जेते ते होते. पण बदलावे लागले तेही त्यांनाच. त्यांची नाणी पाहावीत. एका बाजूस ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत प्राकृत मजकूर. वजन भारतीय मापाचे आणि आकार पुष्कळदा येथील जुन्या नाण्यांसारखा चौकोनी. बाजारात नाणे चालावयाचे तर ते बाजाराला ओळखीचे हवे, हे त्यामागचे साधे कारण. १९७० साली अमुदर्या नदीकाठच्या आय-खानुम या ग्रीक नगरीच्या उत्खननात अगाथोक्लीस राजाची नाणी मिळाली. त्यांच्या एका बाजूवर हल आणि मुसळ घेतलेला बलराम, तर दुसऱ्या बाजूवर चक्रधारी वासुदेव आहे. या देवांची आजवर मिळालेली अत्यंत जुनी अशी ही रूपे ग्रीक राजाच्या टांकसाळीतून बाहेर पडली आहेत. आणि जी खरोष्ठी लिपी पुढे कोणालाच वाचता येईनाशी झाली, ती एकोणिसाव्या शतकात उलगडली तीही या दुभाषी नाण्यांच्याच आधारे.

या राजांपैकी मिनँडर आपल्या स्मृतीत राहिला तो ‘मिलिंद’ म्हणून. त्याच्या नाण्यांवर अथेना देवी आहे, आणि कीर्ती मात्र टिकली ती ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथामुळे. भिक्षू नागसेनाशी वाद करण्याची इच्छा राजा व्यक्त करतो, तेव्हा नागसेन विचारतो की हा वाद पंडितांच्या रीतीने होणार की राजांच्या? पंडित चूक दाखविली तरी रागावत नाहीत. राजे मात्र शिक्षा फर्मावतात. राजा पंडितांची रीत मान्य करतो. शस्त्राच्या बळावर आलेल्या सत्तेने विचारापुढे शस्त्र खाली ठेवावे, असा हा प्रसंग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय उभे केले, त्यास मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसरास नागसेनाचे.

पुढे कुषाण आले. कनिष्काच्या नाण्यांवर इराणी देवता आहेत, शिवासारखा ‘ओएशो’ आहे आणि ग्रीक अक्षरांत ‘बोड्डो’ असे नाव लिहिलेली बुद्धमूर्तीही आहे. पूर्वी बुद्ध दाखविला जाई तो बोधिवृक्ष, चक्र किंवा पावलांच्या खुणांनी. इसवी सनाच्या आरंभीच्या काळात गांधार आणि मथुरा येथे त्याची मानवी मूर्ती घडू लागली. गांधारातील मूर्तींच्या वस्त्रांच्या चुण्या ग्रीक-रोमन वळणाच्या आहेत, आणि बुद्धाचा रक्षक वज्रपाणी कित्येकदा हेराक्लीसच्या रूपात उभा असतो. देवत्व भारताचे, छिन्नीची सवय यवनांची, आश्रय मध्य आशियातून आलेल्या राजांचा. हीच मूर्ती पुढे चीनपर्यंत गेली.

आता आपल्या सह्याद्रीकडे वळू. कार्ल्याच्या चैत्यगृहातील कित्येक खांब धेनुकाकट येथील यवनांनी दान दिलेले आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदविली, तर चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला. नाशिकच्या लेण्यांत उत्तरेकडील दत्तामित्री नगरीच्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचा लेख आहे. त्याच्या पित्याचे नाव धर्मदेव आणि पुत्राचे धर्मरक्षित. आईवडिलांच्या सन्मानार्थ त्याने हे लेणे कोरविले. लेख सारे प्राकृतात आहेत. तीन पिढ्यांची नावे भारतीय झाली, पूजाविधी भारतीय झाला. तरीही आपण यवन आहोत आणि दत्तामित्रीचे आहोत, ही नोंद इंद्राग्निदत्ताने आवर्जून करविली.

या यवनांची भाषा येथे टिकली नाही. तथापि ती मागमूस न ठेवता गेली, असेही नाही. ज्योतिषातील ‘होरा’, भूमितीतील ‘केंद्र’ आणि व्यवहारातील ‘दाम’ हे शब्द मुळात ग्रीक आहेत. वराहमिहिरासारख्या आचार्याने, यवन म्लेच्छ असले तरी या शास्त्रातील ज्ञानामुळे ते ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात, हे मत आदराने नोंदविले. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाले, आणि घेणाऱ्याने घेतल्याची कबुली दिली.

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपणां सर्वांस या इतिहासात स्वतःचा प्रश्न दिसल्यावाचून राहणार नाही. आपण जेते म्हणून आलो नाही, नोकरी-व्यवसायासाठी आलो. पण पन्नास वर्षांत येथले सण आपल्या घरांत आले, येथली भाषा मुलांच्या तोंडी बसली आणि आपला गणेशोत्सव शेजाऱ्यांचाही झाला. यात खंत करण्याजोगे काही नाही, असे हेलिओडोरसाचा स्तंभ सांगतो: वासुदेवाचा भक्त झाल्याने तो दियाचा पुत्र असावयाचा राहिला नाही. इंद्राग्निदत्ताचा लेख मात्र सावधही करतो. तीन पिढ्यांत नावे बदलतात, आणि मग मूळ गावाचे केवळ नाव दगडावर उरते. आपल्या नातवंडांना हे पान मराठीत वाचता यावे, एवढी काळजी आपण वाहिली, तर येथे मनापासून मिसळण्यात आपल्याला भय बाळगण्याचे कारण नाही.