मॉर्फीनची नोंदवही : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

दीर्घकालीन शुश्रूषेत परिचारिकेच्या स्वाधीन असलेल्या औषधांपैकी मॉर्फीनइतके काटेकोरपणे मोजले जाणारे औषध क्वचितच आढळते. दुहेरी कुलपाचे कपाट, पाळी बदलताना किल्लीसोबत होणारी मोजदाद, दोघींच्या स्वाक्षऱ्या, रिकाम्या अँप्युलचा हिशेब या बाबी रुग्णालयीन शिस्त म्हणून शिकविल्या जातात. त्यांचे मूळ मात्र महसुली कारभारात आहे. अफू हा ब्रिटिश राजवटीत उत्पन्नाचा मोठा स्रोत होता आणि 1857 व 1878 चे अफूविषयक कायदे प्रामुख्याने त्या उत्पन्नाच्या रक्षणासाठी होते. आजही या विषयाचा मूळ कायदा केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडेच आहे, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

नांदेड हा निजामी राज्याचा जिल्हा; लातूर 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. उस्मानाबादला लागून असलेल्या ब्रिटिश सोलापुरात 1930 चा घातक औषधी द्रव्ये कायदा लागू होता. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, 1950 च्या विस्तार कायद्याने, तो मराठवाड्यासही लागू झाला. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1964 मध्ये सहभागी झाला व नोंदी किमान दोन वर्षे जपण्याचे बंधन आले.

खरे वळण 1985 चे. अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने किमान 10 वर्षे सक्तमजुरी व किमान 1 लाख रुपये दंड अशी शिक्षा ठेवली. व्यसन व तस्करीविरुद्ध उगारलेला हा बडगा प्रत्यक्षात कर्करोग्याच्या खाटेपर्यंत पोहोचला. साठा, आयात, निर्यात व वाहतूक यांसाठी निरनिराळे परवाने लागत आणि त्यांच्या मुदती जुळत नसत. मोजण्यातील चुकीपेक्षा औषधच न ठेवणे अनेकांना सुरक्षित वाटू लागले. देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर 1985 ते 1997 या काळात 97 टक्क्यांनी घटून अवघ्या 18 किलोग्रॅमवर आला. तोही अशा देशात, जेथे गाझीपूर व नीमच येथे शासकीय कारखान्यांत अफूपासून मॉर्फीन तयार होते! नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1988 मध्ये, म्हणजे याच उतरत्या काळात, सुरू झाले.

कडक नोंदीविना गैरवापर अटळ आहे, हा युक्तिवाद सर्वस्वी चुकीचा नाही. मात्र नोंद आणि नकार यांत फरक आहे. कोझिकोड येथे 1,723 रुग्णांना घरी घेण्यासाठी तोंडावाटे मॉर्फीन देण्यात आले व दोन वर्षांत गैरवापराची एकही घटना आढळली नाही, असे 2001 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. 2014 च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक अंमली औषधे' ही संज्ञा कायद्यात आली. पुढे मॉर्फीनसह सहा औषधांसाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची एकच देशव्यापी पद्धत ठरली. परवाने कमी झाले, दैनंदिन हिशेब कायम राहिला.

या इतिहासाच्या अभ्यासकापुढे साधनांची अडचण आहे. दिलेल्या मात्रेसाठी नोंदवहीत रकाना असतो. न मिळालेल्या मात्रेसाठी नसतो. शिवाय कायद्याने दोनच वर्षे जपण्यास सांगितलेल्या वह्या दफ्तरखान्यात टिकण्याची शाश्वती नाही. म्हणून नांदेड व लातूर येथील निवृत्त परिचारिकांच्या मौखिक साक्षी वेळीच नोंदविणे आवश्यक ठरते. 1985 पूर्वी व नंतर वॉर्डातील कपाटात काय होते, हे प्रत्यक्ष पाहिलेली ती पिढी आहे.