हवा भरण्याची स्लीपिंग मॅट

हवा भरण्याची स्लीपिंग मॅट हे पाठीवर सामान घेऊन पायी भटकणाऱ्यांचे, तंबूत वा उघड्यावर झोपताना अंगाखाली अंथरण्याचे साधन आहे. मऊपणा हा तिचा सहज जाणवणारा गुण असला, तरी शरीराची उष्णता जमिनीत जाऊ न देणे हे तिचे मुख्य कार्य होय. स्लीपिंग बॅगेचा अंगाखालचा भाग वजनाने दबतो व त्याची ऊब बरीचशी नाहीशी होते. पाठीकडील संरक्षण मग मॅटवरच अवलंबून राहते.

ही निरोधकक्षमता 'आर-मूल्या'ने दर्शवतात. पूर्वी उत्पादक ती आपापल्या पद्धतीने मोजत. २०१८ मधील एएसटीएम एफ३३४० या मानकामुळे तुलना शक्य झाली. केवळ जाडी पाहून मॅट निवडणे ही नेहमीची चूक आहे. आत निरोधक थर किंवा परावर्तक पापुद्रे नसल्यास १० सेंमी जाड मॅटमध्येही हवा फिरत राहून उष्णता खाली नेते. दोन मॅट एकावर एक अंथरल्यास आर-मूल्यांची बेरीज होते.

कुशीवर झोपणाऱ्यांचा खुबा जमिनीला टेकू नये म्हणून त्यांना जाड मॅट सोयीची ठरते. हवा गच्च न भरता थोडी सोडल्यास अंग अधिक सुखावते. नेहमीच्या सुमारे ५१ सेंमी रुंदीवरून कोपरे बाहेर जातात.

काट्याने छिद्र पडण्याचा धोका मात्र राहतोच. सह्याद्रीतील काटेरी, खडकाळ मुक्कामांवर फोमची कॅरीमॅट अद्याप टिकून आहे, ती यामुळेच.